माझ्या वयाचं मोहाचं झाड

यंदा गावात एक लग्न झालं. पंगत बसली तेव्हा भोंग्यावरून एकानं सांगितलं, की या लग्नात थर्माकोलचं एकही ताट नाही, साऱ्या पत्रावळी पळसाच्या पानांच्या आहेत, म्हणजे या घरानं पर्यावरण वाचवलं, तर टाळ्या वाजवा. लोकांनी वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझा एक हात वरणात होता आणि दुसऱ्या हातानं मी पत्रावळ दाबून धरली होती, कारण वारा सुटला होता.

माझ्या बाजूला शाळेचे मास्तर बसले होते. तरुण माणूस, बोलायला गोड. ते म्हणाले, "आजोबा, तुमच्या काळचे लोक खरे जंगल राखणारे. पत्रावळीवर जेवायचे, राखेनं भांडी घासायचे, मोहाला कुऱ्हाड लावत नव्हते. एक दिवस शाळेत या ना. यानं जंगल कसं वाचलं ते पोरांना सांगा."

मी म्हटलं, "मले माहीत नाई."

मास्तर हसले. त्यांना वाटलं म्हातारा टाळून राह्यला. मी टाळत नव्हतो. हे तीन शब्द मी जन्मात फार कमी वेळा बोललो आहे. माझा स्वभावच तसा. रस्ता चुकलो तर चुकलो म्हणणार नाही, त्याच रस्त्यानं पुढचं गाव गाठीन आणि मले इथीच यायचं होतं म्हणून सांगीन. असल्या माणसाला हे तीन शब्द एका मोहाच्या झाडानं शिकवले. ती गोष्ट पंगतीत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून लिहून काढतो. माझं शिक्षण दुसरी. अक्षर मोठं येतं आणि ओळी वाकड्या जातात. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. न घेतलं तरी माझं काही जात नाही.

मालगुजारांची जमीनदारी जाऊन दोनचार वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला टेकून. घरी थोडी धानाची शेती होती. माझं वय चोवीस-पंचवीस असेल. बाप वारला होता, लग्न झालं होतं, आणि घरवाली पहिल्यांदाच दोन जिवांची होती.

गावात प्रत्येक घराचे मोह ठरलेले असायचे. कागद नव्हता, सातबारा नव्हता, पण कोणतं झाड कोणाचं हे लहान लेकरालाही माहीत होतं. बापाचं झाड लेकाकडे यायचं. आमच्या घराला दोन मोह होते. एक नाल्याकाठी, तो बेताचाच. दुसरा शेताच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या तोंडाशी. तो मोठा. तीन माणसांनी हात धरले तरी वेढा पुरत नव्हता. वर्षाची अर्धी भूक तोच भागवायचा. फुलं वाळवून ठेवायची, पावसाळ्यात भाजून खायची, कुटून लाडू करायचे, फुलं देऊन मीठ घ्यायचं. पुढे त्याची फळं पडली की आतल्या बीचं, म्हणजे टोळीचं, तेल काढायचं. दिवा त्याचाच, भाजी त्याचीच.

फागुन लागला की झाडाखालचा पाचोळा ओढायचा आणि पेटवून द्यायचा. दोन घटकांत जमीन काळी स्वच्छ व्हायची. मग पहाट फुटता फुटता टोपली घेऊन जायचं आणि बसून राहायचं. फूल पडताना आवाज येतो, पण तो एका फुलाचा नव्हे. एक फूल पडलं तर कानाला कळत नाही. हजारो पडतात तेव्हा वाटतं की झाड श्वास घेऊन राह्यलं. काळ्या राखेवर ती पिवळी-पांढरी फुलं अशी दिसायची, की पाय कुठी ठेवावा हा प्रश्न पडायचा. मी लहानपणापासून ते पाहत आलो, पण दरसाल पहिल्या पहाटे हात आपोआप जोडले जायचे. वारा नाही, कोणी हलवत नाही, आणि झाड आपणहून देऊन राह्यलं. मागणाऱ्याला लाज वाटावी असं देणं.

म्हणून आमच्या घराचा नेम होता. मोहाला कुऱ्हाड लावायची नाही. बापानं पाळला, आजानं पाळला. मी तर त्यांच्याहून कडक. चारचौघांत छाती ठोकून सांगायचो, की सात पिढ्यांत आमच्या घरानं मोहाची एक फांदी तोडली नाही. सात पिढ्या मी मोजल्या नव्हत्या, पण कोणी विचारत नव्हतं.

त्या वैशाखात दुपारी वावटळ आली, मागून वारा आला, आणि आमचा मोठा मोह पडला. मी बैलांना पाणी दाखवून राह्यलो होतो. आधी जमीन हलली, मग आवाज आला. जाऊन पाहतो तर बुंधा आतून पोकळ. एवढं झाड नुसत्या सालीवर उभं होतं. मागच्या महिन्यात त्यानं टोपल्या भरभरून फुलं दिली होती, आणि आत काहीच नव्हतं. त्याच्या पोटात माणूस उभा राहील एवढी जागा होती. मी आत शिरून उभा राह्यलोही. वरून उजेड येत होता.

गाव गोळा झालं. घरवाली एका हातानं पोट धरून उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता लेकराच्या वाट्याले काय?"

मी म्हणालो, "दुसरा येईल. आपण नेम पाळला आहे. जंगल आपल्याले विसरत नाई."

तिथे गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, भुमक आला होता. भुमक म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. हा म्हातारा वाळलेल्या काडीसारखा होता, आणि जिभेला धार होती. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. तो पडलेल्या बुंध्यावर बसला, चिलीम काढली आणि म्हणाला, "कुठून येईल गा?"

"कुठून म्हणजे? जंगलातून."

"जंगलात मोहाचे म्हातारे हायेत. पोरं कुठी हायेत? तुह्या वयाचा एक मोहा दाखव मले."

मी म्हणालो, "एक काऊन, पन्नास दाखवतो."

"एकच दाखव. दोन पंजांत खोड मावलं पाहिजे. वयाचा अंदाज मी करीन."

लोक हसू लागले. आणि लोक हसले की मी गप्प बसत नाही. मी म्हणालो, "पुढच्या पंडुमच्या आधी दाखवतो. नाई दाखवला तर सांगाल ते करीन." पंडुम म्हणजे नव्या फुलाचा सण. भुमक पहिली फुलं देवाला वाहतो आणि त्याआधी गावात कोणी फूल उचलत नाही. आम्ही गोंड नाही, पण तो नेम साऱ्या गावाचा होता.

म्हातारा म्हणाला, "दाखवलास तर साऱ्यांपुढं माह्या डोक्याचं पागोटं तुह्या डोक्याले बांधीन. नाई दाखवलास तर तुले दुसरं काही करायचं नाई. उभं राहून तीन शब्द म्हणायचे. मले माहीत नाई."

एक जण मागून म्हणाला, "बाबा, त्याले फाशी द्या, पण हे नका सांगू."

सारे पुन्हा हसले. घरवालीही हसली, हे मी पाह्यलं.

दुसऱ्या दिवसापासून मी जंगल पालथं घालू लागलो. आज ना उद्या मिळेल असंच वाटत होतं. मोह काय कमी आहेत? जिकडे मान फिरवावी तिकडे मोह. पण जवळ जावं तर म्हातारा. कवेत न मावणारा, ढोल्या पडलेला, वरती घुबडाचं घर असलेला. ऐन सापडायचा, कोवळा, मनगटाएवढा. तेंदू सापडायचा. धावड्याची तर जत्रा भरलेली. मोहाचं पोर मात्र नाही. शेतावरून सुरुवात केली, मग नाल्याच्या पलीकडे गेलो, मग टेकडीवर. पेरणीच्या दिवसांत लोक वावरात असायचे आणि मी जंगलात. आईबापांनी भरलेल्या पंगतीत एकही लेकरू नसावं, तसं ते जंगल मला दिसू लागलं. जन्मभर त्यातून चाललो होतो, पण हे दिसलं नव्हतं. मला भीती वाटली. आपण ज्याला सदाचं समजत होतो तो शेवटचा घोळका तर नव्हे?

हे मी कोणाला बोललो नाही. घरी येऊन म्हणायचो, "आज तिकडे गेलो नाई. उद्या पाहतो."

त्यात घरवालीशी माझा रोज वाद. पडलेला मोह बांधावर आडवा होता. ती म्हणायची, "एवढं लाकूड दारात पडलं हाये, चुलीले द्या ना." मी म्हणायचो, नेम आहे, मेला तरी मोहच, कुऱ्हाड लागणार नाही. आणि चुलीसाठी मी रोज धावड्याच्या ओल्या फांद्या तोडून आणायचो.

एक दिवस ती धुरात डोळे पुसत म्हणाली, "तुमचा नेम लय भारी हाये जी. मेलेल्याले वाचवाले जित्याले मारून राह्यले."

मी चिडलो. जेवलो नाही. पण त्या दिवशी धावड्याच्या बुंध्याकडे पाहताना हात अडखळला, हे खरं आहे. दहा-बारा कोवळी झाडं मी बोडकी केली होती, आणि तरी मोहाला हात लावला नाही म्हणून रात्री सुखानं झोपत होतो. तरी कुऱ्हाड मोहाकडे वळवली नाही. मी कबूल केलं असतं तर मी मी नसतो.

आषाढ सरला. माझ्या हाती काही नव्हतं. तेव्हा मनात एक युक्ती आली. नाल्याकाठच्या आमच्या दुसऱ्या मोहाखाली दर पावसाळ्यात वीतभर शेंड्या उगवतात, चार-पाच पानांच्या, तांबूस. खालची फळं रुजून येतात, फागुनात जळून जातात, हे मला लहानपणापासून ठाऊक. ती यंदाची रोपं. त्यांतलं एक उपटावं आणि पडलेल्या मोहाच्या जागी लावावं. पैज नाही तर नाही, लेकराच्या वाट्याला रोप तरी राहील. आणि म्हाताऱ्याला सांगता येईल, की मी शोधत बसलो नाही, मी लावलं.

श्रावणातल्या एका सकाळी उघाड होती. मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेलो. सगळ्यांत ठेंगणी, जेमतेम वीतभर शेंडी निवडली, म्हणजे लवकर निघेल. बोटानं माती सैल केली आणि शेंडी धरून ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. पानं हातात आली.

माती ओली होती, म्हणून हातानंच उकरत गेलो. चार बोटं खाली हाताला काही गोल लागलं. दगड वाटला. सब्बलनं बाजूची माती काढली तर ती गाठ निघाली, नारळाएवढी, खडबडीत, साल असलेली. त्या गाठीवर माझी वीतभर शेंडी बसली होती, जशी म्हाताऱ्याच्या डोक्यावर शेंडी असते. शेंडीच्या आजूबाजूला काळे खुंट होते. जळक्या काड्यांचे. एक, दोन, चार, सात. काही ताजे, काही इतके जुने की बोट लावलं तर भुगा व्हायचे. आणि गाठीखाली मूळ जात होतं, माझ्या दंडाएवढं जाड, सरळ खाली.

मी उकरत राह्यलो. का उकरतो हे विसरलो. रोप न्यायचं होतं हेही विसरलो. गुडघ्याएवढा खड्डा झाला, मग मांडीएवढा, आणि मूळ काही बारीक होईना. माती बदलली, काळीची मुरमाड झाली. मुरमाचे दगड बाजूला सारून ते गेलं होतं. एका जागी तर खडक फोडून गेलं होतं. सब्बलनं जे मला फुटत नव्हतं, ते त्यानं फोडलं होतं. वर पाहावं तर पानं चार. तीही मीच तोडलेली.

घरवाली आंबील घेऊन आली तेव्हा मी कमरेपर्यंत आत होतो. ती काठावर उभी राहून म्हणाली, "रोप आणाले गेले होते ना जी? हे तर विहीर खंदून राह्यले."

मी म्हणालो, "खाली ये. पाय जपून ठेव."

ती अवघडलेली, तरी बसून बसून उतरली. मी तिचा हात धरून त्या मुळावर ठेवला. मूळ थंड होतं, ओलं होतं, आणि त्यात काहीतरी भरलेलं आहे असं हाताला लागायचं. तिचा दुसरा हात पोटावर होता. मग म्हणाली, "बाबाले बोलवा."

भुमक आला. त्याला वाटलं मी पैज हरल्याचं सांगायला बोलावलं, म्हणून चिलीम ओढत, ठुमकत आला. "काय गा, तीन शब्द पाठ झाले का?" असं वरूनच विचारलं. मग खाली पाह्यलं. चिलीम खाली ठेवली. सत्तरीचा म्हातारा त्या खड्ड्यात उतरला, गाठीला दोन्ही हातांनी धरलं, नखानं खुंट मोजू लागला. नऊपर्यंत मोजले. पुढे म्हणाला, "हे मोजता येते. बाकीचे गाठीनं गिळले."

मी विचारलं, "म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे हे दरसाल उगवते. तू फागुनात आग लावते, वरचं जळते. पाऊस आला का खालून पुन्हा निघते. दरसाल जळते, दरसाल निघते. आणि निघता निघता खाली वाढते."

"किती वर्षं?"

तो मुळाकडे पाहत राह्यला. "तुह्या वयाचं असंल," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "माह्या वयाचंबी असंल. मी इथी लहानपणी ढोरं राखत होतो. असंच दिसत होतं."

आम्ही तिघं त्या खड्ड्यात उभे होतो, ते मला आज इतक्या वर्षांनी जसंच्या तसं दिसतं. नाल्याचं पाणी वाहत होतं. मी आयुष्यात हत्ती पाह्यला, मोठा पूर पाह्यला, पुढे शहरातल्या उंच इमारती पाह्यल्या. पण अंग शहारलं ते एकदाच, त्या वीतभर शेंडीपुढे. ज्यांना मी पोरं नाहीत म्हणून जंगलभर शोधलं, ती पोरं प्रत्येक मोहाच्या पायाशी जमिनीत बसली होती. मी त्यांच्यावर पाय देऊन चाललो होतो. मीच दरसाल त्यांना जाळत होतो, आणि वरून छाती ठोकत होतो, की आमच्या घरानं मोहाला कधी कुऱ्हाड लावली नाही. कुऱ्हाड नव्हती लावली. आग लावली होती. सात पिढ्या.

भुमक वर चढला आणि डोक्याचं पागोटं सोडू लागला. "तू जिंकला," तो म्हणाला. "तुह्या वयाचा मोहा दाखव म्हणलं होतं. हा हाये."

मी म्हणालो, "मी नाई दाखवला. मी याले यंदाचं रोप समजून उपटाले आलो होतो. मी हरलो."

"जिंकला म्हणतो ना मी."

"हरलो म्हणतो ना मी."

घरवाली खड्ड्यातून म्हणाली, "आधी मले वर काढा, मग भांडा."

आम्ही ते मूळ पुन्हा मातीनं झाकलं. हळूहळू, हातानं, जशी पेरणीनंतर माती ओढतात तशी. झाकता झाकता मी विचारलं, "बाबा, आग लावली नसती तर आज हे केवढं झालं असतं?"

तो म्हणाला, "कोणाले माहीत. झाड झालं असतं. नाई तर पाचोळ्याखाली सडून मेलं असतं. आगीनं याले मारलं का पोसलं, हे मले सांगता येत नाई. मीबी लावतोच आग."

माझी अपेक्षा होती की म्हातारा काहीतरी शहाणपणाचं सांगेल. त्यानं नाही सांगितलं. त्याबद्दल मी त्याला आजही मानतो.

कार्तिकात आम्हाला मुलगी झाली. फागुनात गावानं आपापल्या मोहाखाली आग लावली. मी नाही लावली. मी खराट्यानं झाडलं. लोक थांबून पाहायचे. "काय गा, मोहाखाली सडासारवण करून राह्यला का?" असं विचारायचे. दुसऱ्यांची आग इकडे येऊ नये म्हणून मी शेंडीभोवती बैलगाडीच्या चाकाएवढं गोल रान खरवडून ठेवलं. हे काम आगीच्या दसपट होतं. पाचोळा रोज पडायचा, रोज झाडावा लागायचा. घरवाली लेकराला झोळीत बांधून फांदीला टांगायची आणि म्हणायची, "माचिसची एक काडी लागते जी." तरी खराटा घ्यायची.

पंडुमच्या दिवशी सारं गाव देवाच्या जागेवर जमलं. भुमकानं फुलं वाहिली आणि पागोटं हातात घेऊन माझ्याकडे आला. मी उभा राह्यलो. मी म्हणालो, "मले माहीत नाई."

कोणी हसलं नाही. हसतील म्हणून मी तयार होतो, आणि हसले नाहीत म्हणून मला कसंसंच झालं. मागून एकानं विचारलं, "काय माहीत नाई?"

मी म्हणालो, "मोहा कशानं वाढते ते."

म्हाताऱ्यानं पागोटं माझ्या डोक्याला बांधलं नाही. त्याची एक पट्टी फाडली आणि दिली. "तुह्या शेंडीपाशी काठी रोव आणि हे बांध," तो म्हणाला. "आग लावणाऱ्याले दिसलं पाहिजे." बाकीचं पागोटं त्यानं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. आखूड झालेलं ते पागोटं तो पुढे मरेपर्यंत बांधत होता.

त्याच उन्हाळ्यात चितळानं शेंडी खाल्ली. मी बोरीचे काटे लावले. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा निघालं, आणि मग जे झालं ते सांगितलं तर खोटं वाटेल. आषाढात गुडघ्याला होतं. पोळ्याला छातीला लागलं. दसऱ्याला मी त्याच्या शेंड्याकडे मान वर करून पाह्यलं. जमिनीखाली जन्मभर साठवलेलं सारं एका पावसात वर आलं. रोज सकाळी मी जायचो आणि कालच्या खुणेपाशी हात ठेवायचो, आणि झाड हाताच्या वर गेलेलं असायचं. लेकरूही त्याच दिवसांत उभं राहायला शिकलं. ते बुंध्याला धरून उभं राहायचं. दोघांत आधी कोण डोलतं हे कळायचं नाही.

आता खरं ते सांगतो, म्हणजे कोणी यातून भलता बोध घेऊ नये. त्याच वर्षी मी आणखी तीन शेंड्या राखल्या होत्या. तशाच झाडल्या, तसेच काटे लावले, तसंच रान खरवडलं. तीनही मेल्या. एक वाळवीनं खाल्ली. दोन कशानं मेल्या, मले माहीत नाई. आणि नाल्यापलीकडे एका घरानं आग लावणं कधीच सोडलं नाही, त्यांच्या मोहाखालून एक पोर आपणहून वर आलं, आगीच्या हाताबाहेर गेलं, आणि आज माझ्याच झाडाएवढं आहे. त्या घराचा म्हातारा मला भेटला की नुसता मिशीत हसतो.

माझं झाड फुलावर यायला पुढे बरीच वर्षं लागली. मुलगी तोवर लग्न होऊन वरोऱ्याकडे गेली होती. पहिल्या बहाराला तिला बोलावणं धाडलं. ती आली, पहाटे खाली बसली. फुलं फार नव्हती, ओंजळभर पडली असतील. तिनं वेचली आणि आईच्या पदरात टाकली. भुमक तेव्हा नव्हता.

लग्नाच्या पंगतीत मास्तरांना मी हे काही सांगितलं नाही. ते दुसऱ्या दिवशी घरी आले, पुन्हा म्हणाले, शाळेत या. मी त्यांना झाडाकडे घेऊन गेलो. आता ते माझ्या कवेत मावत नाही. खाली चार-पाच तांबूस शेंड्या होत्या. मी विचारलं, "मास्तर, ही रोपं किती वर्षांची असतील?"

ते खाली वाकले. "यंदाचीच दिसतात."

मी काठीचं टोक एका शेंडीच्या बुडाशी टेकवलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाह्यलं, मग त्या शेंडीकडे, मग खिशातली पेन काढून तिच्या बुडाशी माती उकरू लागले. शिकलेला माणूस, हात मातीत घालायची सवय नव्हती. थोड्या वेळानं पेनचं टोक कशाला तरी लागलं आणि ते थांबले. त्यांनी पेन बाजूला ठेवली आणि दोन्ही हात घातले.

मी पत्रावळीवर आजही जेवतो, कारण तिच्यावर वरण गोड लागतं. जंगलासाठी जेवतो असं म्हणणार नाही. फागुनात खराटाही मारतो. कंबर वाकत नाही, म्हणून बसून मारतो, एका बाजूनं सुरू करून गोल फिरत. यानं झाडाचं भलं होतं की नाही, सांगता येत नाही. पण त्या काळ्या गाठीवर हात ठेवून आलो आहे. त्यानंतर काडी पेटवायला हात होत नाही.